श्रेय हिंगाला की येरझाऱ्यांना?

लोणंदला आवाजाचं वावडं नाही. पुणे-मिरज मार्गावरच्या गाड्या, कांद्याचे लिलाव, फलटणकडे निघालेले ट्रक, सगळं या गावानं कानांत जिरवलंय. पण तिन्हीसांजेला एखाद्या घरात दीड महिन्याचं पोर लालबुंद होऊन, मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन रडायला लागलं, की अख्खी आळी दारात येते. रिकाम्या हातानं कुणीच येत नाही. प्रत्येकाकडे एक उपाय असतो.

मॉरिस वेसल या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९५४ मध्ये या रडण्याला माप लावलं. चांगलं धडधाकट, अंग धरलेलं बाळ दिवसाला ३ तासांहून जास्त, आठवड्यातले ३ दिवसांहून जास्त, असं ३ आठवड्यांहून जास्त काळ रडलं, तर तो पोटशूळ, म्हणजे कॉलिक. तीन तिगाडा काम बिगाडा हे त्यांच्या कानावर गेलं नसावं. शिवाय तीन आठवडे कोण मोजत बसणार? तिसऱ्या रात्रीच घरातले एकमेकांशी खुणांनी बोलायला लागलेले असतात.

उपायांची खरी पर्वणी आषाढात. माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घडतं, पालखी सातारा जिल्ह्यात शिरते आणि लोणंदला मुक्कामी येते. ओसरीवर चार जिल्ह्यांच्या वारकरी बाया टेकतात, आणि बाळ नेमकं तेव्हाच सूर लावतं.

“आगं, प्वाट धरलंय त्येचं. बेंबीला हिंग लाव.”

“हिंगानं काय हुतंय? वेखंड उगाळ.”

तिसरी मुरुडशेंगेचं नाव काढते. ही शेंग दिसायलाच पिळवटलेल्या आतड्यासारखी, म्हणून मुरड्यावर तीच. एवढ्या सरळ तर्कापुढे डॉक्टर काय बोलणार? चौथी ओवा-बाळंतशेपांची धुरी सुचवते, पाचवी काही न बोलता मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला उठते. बाळाची आई कोपऱ्यात बसून सगळ्यांना मान डोलावते. तिला फक्त झोप हवी असते.

यातलं काय चालवून घ्यावं? दृष्ट काढण्यानं निदान काढणारीचं समाधान होतं. हिंग बेंबीभोवती आहे तोवर ठीक, तोंडात मात्र जाता कामा नये. धुरी नकोच, तान्ह्याच्या छातीला धूर सोसत नाही. आणि पहिले ६ महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, हा सल्ला गुटीच्या सहाणेलाही लागू आहे.

बाटलीतल्या औषधाचा मान वेगळाच. विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ मध्ये इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमला ग्राइप वॉटर तयार केलं. त्यात खायचा सोडा, साखर, शेपूचं तेल आणि थोडं मद्यही होतं. म्हणजे साहेबाची बाळं शांत का व्हायची, यावर फार डोकं शिणवायला नको. आताच्या बाटलीत मद्य नसतं. शेपूचं म्हणाल, तर ओसरीवरच्या आजीच्या बाळंतशेपा म्हणजे शेपूचंच बी. नॉटिंगहॅम आणि लोणंद इथं एका मतावर आले, फक्त एकानं लेबल चिकटवलं.

काही बाळांचं रडणं कमी, दूध टाकणंच जास्त. अन्ननलिका जठराला मिळते तिथली झडप या वयात ढिली असते, आणि बाळ दिवसभर आडवंच. वजन वाढत असेल आणि बाळ खुशीत असेल, तर हा आजार नव्हे, धुणं आहे. पाजल्यावर खांद्यावर उभं धरायचं, ढेकर काढायचा, खांद्यावर जुनं धोतर टाकायचं. मामा नवा शर्ट घालून बाळ बघायला आला, की ढेकर हमखास ओला निघतो. मात्र उलटी हिरवी असेल, रक्त दिसलं, जोरात फेकली गेली, वजन वाढेना किंवा अंगात ताप असला, तर आळीचं संमेलन तिथंच गुंडाळून दवाखाना गाठायचा.

राहिलं कडेवर घेणं. मॉन्ट्रियलमधल्या, १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जास्त वेळ कडेवर घेतलेली निरोगी बाळं ६ आठवड्यांची असताना ४३ टक्के कमी रडली. खऱ्या पोटशुळ्या बाळांनी पुढच्या तपासणीत एवढी दाद दिली नाही, ती त्यांची परंपराच. जपानच्या कुमी कुरोदा आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये वेळापत्रकच दिलं: रडणाऱ्या बाळाला घेऊन ५ मिनिटं चाला, झोपलं तरी ५ ते ८ मिनिटं घेऊन बसा, मग खाली ठेवा. हे चालणं लोणंदमध्ये बापाच्या वाट्याला येतं. कांद्याच्या आडतीवर काम करणारा बाप अंगाई कुठून आणणार? तो येरझाऱ्या घालत दिवसभरातले भाव पुटपुटतो. गोल्टीचे भाव येईस्तोवर बाळाची मान खांद्यावर कलते. मग तो पाळण्याकडे वळतो आणि आतून आजी विचारते, “झोपलं का रं?” येरझाऱ्या पुन्हा पहिल्यापासून.

गंमत अशी, की हे रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप ओसरतं. ते ओसरेल त्या आठवड्यात जो उपाय चालू असेल, त्याचा गुलाल उधळला जातो. आजी म्हणते हिंग, शेजारीण म्हणते दृष्ट, बापाला वाटतं आपले भाव. आईला विचारायला जावं, तर ती झोपलेली असते. एवढ्यात पलीकडच्या आळीत नवं बाळ रडायला लागतं, आणि ग्राइप वॉटरची उरलेली अर्धी बाटली “आमच्याकडे हिनंच गुण आला” अशी शिफारस घेऊन तिकडे रवाना होते.