गळपंत

अजिंठ्याची थंडी लेणी बघायला येणाऱ्यांना भेटतच नाही. ते उन्हं वर आल्यावर फर्दापुरात उतरतात, वाघूरच्या नालाकृती वळणासमोर फोटो काढतात आणि 'काय मस्त हवा आहे' म्हणत परततात. खरी थंडी घाटाच्या वर, अजिंठा-अंधारी धरणाच्या काठी, पहाटे पाचला असते. त्या वेळी तिथे हजर असणारा प्राणी एकच. त्याला आपण गळपंत म्हणू.

गळपंत कुठल्याही धंद्यातून निपजतो. निवृत्त गुरुजी असो, मका विकून मोकळा झालेला बागाईतदार असो. फक्त तो भोई नसतो. भोयाला घर चालवायचं असतं. तो संध्याकाळी जाळं लावून रात्री गोधडीत झोपतो. गळपंत मात्र कानटोपी, तिच्यावर मफलर, एकावर एक दोन स्वेटर आणि खाली चिखलासाठी अनवाणी पाय अशा थाटात दगडावर बसतो. वरचा अर्धा माणूस काश्मिरात, खालचा पंढरीच्या वारीत.

आमिषाचं त्याला फार. कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि बायकोच्या डब्यातून उचललेला हिंग. थंडीत हा गोळा दगड होतो. मग तो बगलेत धरून मऊ करायचा, बधिर बोटांनी गळाला लावायचा, आणि गळ आधी मफलरीत अडकवून मग पाण्यात टाकायचा. तरंगा ज्वारीच्या धांड्याचा. त्यावर नजर लावून पंत बसले की बगळासुद्धा लाजून उडून जातो.

खरं तर हे आमिष रोहू-कटल्याचं. पंतांना हवी असते मरळ, तीही मोठी. मरळ म्हणजे तळ्यातली दरोडेखोर. शेवाळाखाली दबा धरते आणि बेडकी दिसली की झडप घालते. तिला बेडकी हवी, हे पंतांना ठाऊक असतं. पण थंडीत बेडकंही बाहेर पडत नाहीत. त्यांना अक्कल असते.

माशाचं अंग पाण्याइतकंच गार. पाणी गारठलं की त्याचं पचन मंदावतं, भूक मरते. काही हालचाल झालीच तर दुपारी, काठचं उथळ पाणी उन्हाने कोमट झाल्यावर. म्हणजे जायचं तर दुपारी बारानंतर. पंत अकराला घरी परततात.

मोबाईल आल्यापासून पंतांचा पसारा वाढला आहे. बास नावाचा अमेरिकी मासा त्यांना आता तोंडपाठ. जॉर्ज पेरी नावाच्या माणसाने 1932 साली जॉर्जियात 10 किलोंहून थोडा जास्त बास धरला, वजन नोंदवलं आणि घरी नेऊन कुटुंबासह खाऊन टाकला. 2009 साली मानाबू कुरिताने जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी केली. पंत हे कुणालाही सांगतात. पेरीचा मासा जूनमधला आणि कुरिताचा जुलैमधला, हे तेवढं सांगत नाहीत.

मग हिवाळाच का? उन्हाळ्यात हात हलवत आलं तर लोक म्हणतात, 'पंतांना जमत नाही.' हिवाळ्यात आलं तर म्हणतात, 'थंडीच एवढी आहे!' एवढी सोय दुसऱ्या कुठल्या ऋतूत आहे?

धरणातल्या मासेमारीचा ठेका सोसायटीकडे असतो, बीजही तीच सोडते. तिचा राखणदार सुरुवातीला पंतांवर ओरडायचा. आता शेकोटी पेटवून हाक मारतो, "गुरुजी, या शेकायला. लागलं का काई?"

"लागली होती रे. सुटली."

"केवढी?"

पंत कोपरापर्यंत हात दाखवतात. शेकोटीने अंग जरा सैल झालं की हात खांद्यापर्यंत जातो. त्या काठावरून सोसायटीचा एकही मासा कमी झालेला नाही, याची राखणदाराला पक्की खात्री आहे. उलट हिंगाच्या कणकेवर मासे पोसले जातात, असं त्याचं मत आहे.

घरी बायको "अहो, वाटण करू का?" असं विचारत नाही. ती भाजी टाकून मोकळी झालेली असते. बाजाराच्या दिवशी पंत सिल्लोडहून मासे आणतात, तेही कापून, म्हणजे लांबीचा प्रश्नच उरत नाही.

तुम्हाला असे पंत भेटले, तर 'काय मिळालं?' असं विचारू नका. 'केवढी सुटली?' असं विचारा. चहा त्यांच्याकडून मिळेल.