उरलेले ४६४० तास

विद्यापीठीय विद्यार्थ्याच्या व्यग्रतेचा विचार करताना ती अस्तित्वात आहे हे प्रथम मान्य करावे लागते, कारण ती नाही असे म्हणणारा मनुष्य एकतर वसतिगृहात कधी राहिलेला नसतो किंवा पालक असतो. अडचण येते ती तिचा हिशेब मांडताना. नव्या शैक्षणिक धोरणाला जोडून आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या अध्ययनाचे माप १२०० तास असे ठरवले असून त्याबद्दल त्याच्या नावावर ४० श्रेयांक जमा होतात; श्रेयांक म्हणजे अध्ययनाचे सुमारे ३० तासांचे सरकारमान्य एकक, आणि त्यात वर्गातील तासिका, प्रात्यक्षिके व विद्यार्थ्याने स्वतःहून केलेला अभ्यास, म्हणजे केला असे गृहीत धरलेला अभ्यास, असे सर्व काही येते. वर्षाचे तास ८७६० असतात. त्यांतून रोजच्या आठ तासांच्या झोपेचे २९२० आणि अध्ययनाचे १२०० वजा केले असता ४६४० तास, म्हणजे दिवसाला साडेबारा तासांहून थोडा अधिक वेळ, शिल्लक राहतो. एवढी शिल्लक बाळगणारा मनुष्य गावातल्या पारावर आढळला असता तर त्याला रिकामटेकडा म्हटले गेले असते. विद्यापीठात त्याला ‘जाम बिझी’ म्हणतात. हे ४६४० तास जातात कुठे, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

नमुना म्हणून पुण्यातील गणेशखिंडीचा परिसर सोयीचा आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या आणि २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या पुणे विद्यापीठाला येथे सुमारे ४११ एकर जागा मिळालेली असून तिच्यात वडाची झाडे, वेगवेगळे विभाग, वसतिगृहे, कँटीन आणि यांपैकी कोणत्याही दोहोंमधील भरपूर अंतर यांचा समावेश होतो. मुंबईच्या गव्हर्नरला पावसाळ्यात निवांतपणा लाभावा म्हणून १८६४ साली जी वास्तू बांधायला घेतली गेली, तीच आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, आणि तिच्या आवारात निवांत असल्याची कबुली देणारा एकही इसम सापडत नाही. एका विभागातून दुसऱ्या विभागात जाण्यास चालत लागणारा वेळ आणि प्रत्यक्षात लागणारा वेळ यांत मोठी तफावत पडते, कारण वाटेत ओळखीचे लोक भेटतात, भेटल्यावर थांबणे बंधनकारक असते आणि थांबल्यावर आपल्याला अजिबात वेळ नाही हे एकमेकांना सविस्तर सांगावे लागते. बाहेरून येणाऱ्यांचा विद्यापीठ चौकात जाणारा वेळ हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय ठरावा. तेथील उड्डाणपूल २०२० साली पाडण्यात आला, त्यानंतरची मेट्रोची आणि नव्या पुलाची कामे विद्यार्थ्यांच्या काही तुकड्यांनी प्रवेशापासून पदवीपर्यंत पाहिली. याच गणेशखिंड रस्त्यावर २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग-अधिकारी रँडची बग्गी गाठली होती. हल्ली तिच्यामागे धावण्याची गरज पडली नसती, कारण संध्याकाळी सहा वाजता ती जिथे दिसली असती तिथेच साडेसहालाही सापडली असती.

परिसरातील व्यग्रतेचे प्रमुख केंद्र ग्रंथालय हे होय, परंतु ग्रंथांचा तिच्याशी संबंध असतोच असे नाही. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांच्या नावाचे ग्रंथालय घ्या किंवा महाराष्ट्रातील अन्य कोणत्याही विद्यापीठाची अभ्यासिका घ्या, पहाटे उठून तेथे धावणाऱ्या विद्यार्थ्याला जे हवे असते ते पुस्तक नसून खुर्ची असते. ‘जागा धरणे’ ही या क्षेत्रातील पारिभाषिक संज्ञा असून, स्वतः अनुपस्थित राहून उपस्थितीचा पुरावा मागे ठेवणे, असा तिचा अर्थ आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून आसनावर मालकी प्रस्थापित करण्याची जी प्रथा महाराष्ट्राने पिढ्यानपिढ्या जपली, तिचेच हे उच्च शिक्षणातील रूप म्हणता येईल. मात्र एसटीतल्या रुमालामागोमाग त्याचा धनी धडपडत का होईना आत शिरतो, तर अभ्यासिकेत पाण्याची बाटली, उघडी वही आणि लक्ष्मीकांत यांचा राज्यव्यवस्थेवरील जाडजूड ग्रंथ एवढा ऐवज सकाळी सातपासून आपल्या धन्याची वाट पाहत बसलेला असतो. तो धनी त्या वेळी कँटीनमध्ये, अभ्यासिकेत जागा मिळणे किती कठीण झाले आहे यावर बोलत असतो.

लक्ष्मीकांत यांचा ग्रंथ येथे उगाच आलेला नाही. परिसरातील विद्यार्थ्यांचा एक मोठा वर्ग ज्या विषयाच्या एम.ए.ला प्रवेश घेतो त्याचा अभ्यास न करता ‘आयोगाचा’ करतो. आयोग म्हणजे राज्य किंवा संघ लोकसेवा आयोग, आणि आयोगाचा करणे म्हणजे पूर्व, मुख्य व मुलाखत या तीन पायऱ्यांपैकी कोणत्या तरी पायरीवर बसून पुढच्या जाहिरातीची प्रतीक्षा करणे. अशा विद्यार्थ्याला एम.ए. हा अभ्यासक्रम नसून पत्ता असतो. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून आलेल्या मुलांना शहरातील खोलीचे भाडे परवडण्याजोगे नसल्यामुळे त्या पत्त्याला केवढी किंमत आहे हे ध्यानात घेतले, तर या व्यवहाराला हसणे थोडे अवघड होते. तथापि तो विद्यार्थी स्वतःच त्याला भरपूर हसत असल्यामुळे वाचकाने संकोच बाळगण्याचे कारण नाही.

परवडणाऱ्या खोल्यांच्या याच टंचाईतून ‘पॅरासाइट’ नावाचा वर्ग उत्पन्न झाला. वसतिगृहाच्या बोलीत पॅरासाइट म्हणजे अधिकृत खोलीधारकाच्या संमतीने व रेक्टरच्या नकळत त्या खोलीत राहणारी व्यक्ती. तिचे नाव कोणत्याही यादीत नसते आणि गादी मात्र जमिनीवर असते. जीवशास्त्राप्रमाणे परजीवी हा आश्रयदात्याकडून पोषण घेतो, पण वसतिगृहात बऱ्याचदा उलट घडते, कारण खोली झाडणे, दूध आणणे, खोलीधारकाला तासिकेसाठी हलवून उठवणे आणि तो न उठल्यास त्याच्या वतीने सरांना कारण कळवणे ही सर्व कामे पॅरासाइटकडे आलेली असतात. याखेरीज रात्री दहानंतर जिन्यावर वाजणारी पावले रेक्टरची, रखवालदाराची की शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या पॅरासाइटची, हे केवळ श्रवणाने ओळखण्याचा अभ्यास त्याला सतत चालू ठेवावा लागतो. कोणत्याही आराखड्याने या अभ्यासाला श्रेयांक दिलेले नाहीत, ही त्या आराखड्याची उणीवच समजावी लागेल.

कागदपत्रांचा विषय थोडक्यात आटोपता येईल, कारण तो सर्वांच्याच परिचयाचा आहे. शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, तो तहसीलमधून येतो, तोपर्यंत बोनाफाईडची मुदत संपते, नवे बोनाफाईड मागायला जावे तर फी भरल्याची पावती लागते, आणि फी शिष्यवृत्ती आल्यावर भरायची असते. या वर्तुळाच्या मध्यभागी झेरॉक्सचे दुकान असते व तेथील मालक हाच परिसरातील खरोखर व्यग्र असा एकमेव व्यावसायिक होय.

लेखी कामाचा विचार मात्र सविस्तर केला पाहिजे. अंतर्गत मूल्यमापनासाठी द्यावयाचा निबंध ज्या दिवशी सांगितला जातो त्या दिवसापासून विद्यार्थी त्याच्या ओझ्याखाली असतो; तो लिहिला मात्र जातो शेवटच्या रात्री, त्यामुळे ओझ्याचा काळ व कामाचा काळ यांचे प्रमाण एका महिन्याला चार तास असे पडते. पूर्वी हे काम सोपे होते, कारण वरच्या वर्गातील मित्राची वही हाच प्रमाण ग्रंथ होता आणि तीत स्वतःचे नाव घालण्याचे भान ठेवले म्हणजे पुरे होत असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्धची नियमावली आणली आणि संशोधनपर लेखनात १० टक्क्यांपर्यंतचे साम्य शिक्षेतून वगळले, तेव्हापासून या सवलतीचा उल्लेख रेल्वेतील मोफत सामानाच्या मर्यादेच्या सुरात होऊ लागला आहे. उरलेले साम्य घालवण्यासाठी मग शब्द बदलण्याचे श्रम सुरू होतात. ‘शेतकरी’ काढून ‘कृषक’ घालावा, ‘पाऊस’ काढून ‘पर्जन्य’ घालावा, ‘कर्ज’ काढून ‘ऋण’ घालावे, असे करता करता कोरडवाहू शेतीवरील साधासुधा मजकूर त्या शेतकऱ्यालाही कळणार नाही अशा अवस्थेला जातो, आणि साम्य दहा टक्क्यांखाली आले म्हणून पहाटे चार वाजता आनंद साजरा होतो. हेच चार तास मूळ विषय समजून घेण्यात घातले असते तर लेखन आपोआप निराळे झाले असते, असे मार्गदर्शक म्हणतात; ते बरोबरही आहे, परंतु मार्गदर्शकांनी हे पहाटे चार वाजता सांगितलेले नसते.

पीएच.डी.चा विद्यार्थी हा या सर्वांतील ज्येष्ठ घटक होय. २०२२ च्या नियमांनुसार या पदवीस किमान तीन व सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे लागतात, आणि या काळात त्याला ‘कुठवर आलं?’ हा एकच प्रश्न घरचे, दारचे, मेसवाले मामा आणि विवाहमंडळवाले आळीपाळीने विचारतात. ‘शेवटचं प्रकरण चालू आहे,’ हे त्यावरचे प्रमाण उत्तर आहे. शेवटचे प्रकरण बहुधा पहिले लिहिण्याच्या आधीपासून चालू असते.

परिसरात वर्षभर भरणारे परिसंवाद हेही वेळ जाण्याचे मान्यताप्राप्त साधन आहे. परिसंवाद म्हणजे उद्घाटन, बीजभाषण, भोजन आणि समारोप अशा चार सत्रांचा कार्यक्रम. त्यांपैकी तिसऱ्या सत्राला अन्य विभागांतील विद्यार्थ्यांचीही लक्षणीय उपस्थिती लाभते आणि त्यामुळे आंतरविद्याशाखीय संवाद खऱ्या अर्थाने साधतो. गुलाबजाम संपल्याची वार्ता मानव्यशाखेतून विज्ञानशाखेत पोहोचण्यास लागणारा वेळ पाहता ज्ञानाचे संक्रमण मंदावल्याची टीका निराधार ठरते.

आता एक गोष्ट नोंदवली पाहिजे, जी या हिशेबात नीट बसत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने विद्यापीठात व संलग्न महाविद्यालयांत ‘कमवा व शिका’ योजना चालते. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीरांनी श्रम करून शिकण्याची जी वाट घालून दिली, तिच्यावरून चालणारे हे विद्यार्थी दिवसाचे काही तास कार्यालयात, ग्रंथालयात किंवा बागेत काम करतात, मग तासिकेला बसतात, रात्री अभ्यासिकेत येतात आणि तोपर्यंत खुर्च्या बाटल्यांनी भरलेल्या असल्यामुळे जिन्यात बसून वाचतात. त्यांच्याजवळ ४६४० तास शिल्लक नसतात. घरून फोन आला आणि आईने ‘काय करतोस रे?’ असे विचारले, तर इतरांकडून ‘कामात आहे गं, नंतर करतो’ असे उत्तर जाते, हे मात्र ‘काही नाही, बोल’ म्हणतात. व्यग्रतेचा उच्चार आणि तिचे प्रमाण यांचे नाते व्यस्त आहे, असा निष्कर्ष यावरून काढण्यास हरकत नाही. तो साम्यतपासणीतही टिकेल.

विद्यापीठाच्या परिसरात कामानिमित्त येणाऱ्या सुज्ञ वाचकास एकच विनंती आहे. कँटीनच्या आसपास दिसणाऱ्या विद्यार्थ्याला ‘सध्या काय चाललंय?’ असे सहज म्हणूनही विचारू नये. विचारलेच, तर त्याला श्वास घ्यायलाही फुरसत कशी नाही हे ऐकण्यासाठी दीड तास हाताशी ठेवावा, आणि दोन्ही चहांचे पैसे आपणच द्यावेत.