एकशेसाठचे पाचशे

संध्याकाळी सातची मालिका सातलाच बघणारी माणसं दादर-पार्ल्याला राहत असावीत. डोंबिवलीत सात वाजता घरी सापडतो तो एकतर निवृत्त, नाहीतर आजारी. बाकीचे त्या वेळी घाटकोपर आणि मुंब्र्याच्या दरम्यान एका पायावर उभे असतात आणि शेजारचा पाय कुणाचा याची चौकशी करत नाहीत. त्यामुळे २००८ साली टाटा स्कायने रेकॉर्डिंगवाला ‘प्लस’ बॉक्स आणला, आत १६० जीबीची हार्ड डिस्क आणि ४५ तासांची सोय, तेव्हा कुणीतरी सेंट्रल रेल्वेचं टाइमटेबल पुढ्यात ठेवूनच हे यंत्र बनवलंय अशी आमच्या ट्रेन-ग्रुपची खात्री पटली. पाठोपाठ इतर कंपन्यांचेही बॉक्स आले. त्याच मापाचा एक आमच्या हॉलमध्ये आला. कंपनी कोणती ते सांगत नाही. पुढे आम्ही तो उघडला.

४५ तास ऐकायला पुष्कळ वाटतात. घरात माणसं सहा. आईचं ‘होम मिनिस्टर’ आणि ‘चार दिवस सासूचे’, आजीची कीर्तनं, बायकोच्या पाककृती, चिरंजीवांचा ‘छोटा भीम’, माझे इंग्रजी सिनेमे आणि बाबांचं क्रिकेट. एक कसोटी म्हणजे पाच दिवस, रोजचे सहा तास, एकूण तीस. बाबांनी कसोटी लावली की उरलेल्या पाच जणांनी पंधरा तासांत संसार करायचा. डिस्क भरली की पडद्यावर तशी पाटी येई आणि ज्याच्या हाती रिमोट तो दुसऱ्याचं काहीतरी पुसून मोकळा होई. मग “कुणी पुसलं?” अशी घरभर चौकशी. चिरंजीव आजीकडे बोट दाखवत. आजी शांतपणे वाती वळत बसे. तिला रिमोट वापरता येत नाही असं आम्ही कितीतरी दिवस समजत होतो.

बाबांच्या ठेवीतली सगळ्यात मोठी ठेव म्हणजे २४ फेब्रुवारी २०१०, ग्वाल्हेर. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सचिनच्या १४७ चेंडूंत नाबाद २००. तो बुधवार, अर्धी डोंबिवली ऑफिसात. बाबांनी मात्र पहिल्या चेंडूपासून रेकॉर्डिंग लावलं होतं. दिवस लोडशेडिंगचे. ऐन रंगात वीज गेली, आली, आणि रेकॉर्डिंगचे दोन तुकडे झाले. पाहुणे आले की हे दोन तुकडे लागत. पहिला संपला की बाबा टीव्हीसमोर उभे राहून मधली षटकं स्वतः बोलून दाखवत, हातवाऱ्यांसकट, आणि मग दुसरा तुकडा लावत. सचिन १९९ वर पलीकडे उभा आणि अलीकडे धोनी फटके मारतोय, इथे ते दर वेळी तितकेच चिडत. “अरे, दे ना त्याला स्ट्राइक!” निकाल माहीत असूनही घरातल्या बायकासुद्धा श्वास रोखून बसत.

या बॉक्सची एक खोड होती. रिमोटने बंद केला तरी आतली डिस्क झोपत नसे. चालू कार्यक्रम मध्येच थांबवता यावा म्हणून लागलेलं चॅनल तो सतत डिस्कवर लिहीत राही, समोर कुणी बसलेलं असो वा नसो. मिनिटाला ५४०० फेरे. दिवसा टिळक रोडच्या हॉर्नमध्ये ते कुणाला ऐकू येणार? रात्री मात्र हॉलमध्ये झोपणाऱ्या आजीला कर्र... टक, कर्र... टक असं ऐकू येऊ लागलं. उंदीर, असा तिने निकाल दिला. टीव्हीच्या टेबलाखाली भज्याचा तुकडा लावून पिंजरा ठेवला गेला. उंदीर सापडला नाही. बाबांचा अंगठा सापडला.

मोठ्या डिस्कचं खूळ डोक्यात घातलं ते ठाण्याच्या साडूंनी. घोडबंदर रोडला वरच्या मजल्यावर राहतात, खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो. त्यांच्याकडे नवा एचडी बॉक्स, ५०० जीबीचा. “आमच्याकडे भरतच नाही हो,” म्हणाले. “तुमच्याकडे डोंबिवलीत अजून एकशेसाठच का?” सूर असा, की एकशेसाठचा ठराव कल्याण-डोंबिवली महापालिकेनेच मंजूर केला असावा. परतीच्या लोकलमध्ये बायको दिव्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. दिवा गेल्यावर म्हणाली, “आपल्यालाही घ्यायची.”

मी घेणारच होतो, तेवढ्यात थायलंडला पूर आला. २०११ चा पावसाळा. जगातल्या हार्ड डिस्कचा मोठा हिस्सा बँकॉकच्या आसपासच्या कारखान्यांत तयार होतो हे तोवर मला ठाऊक नव्हतं. ते कारखाने पाण्यात गेले आणि लॅमिंग्टन रोडवर डिस्कचे भाव कडाडले. मुंबई बुडवणाऱ्या त्या २६ जुलैनंतर पूर ही आपल्याच घरची गोष्ट वाटायची. आता थायलंडच्या पाण्याने डोंबिवलीत आईच्या मालिका पुसल्या जाऊ लागल्या.

भाव उतरेपर्यंत ट्रेन-ग्रुपने विषय कुर्ल्यापासून कोपरपर्यंत चघळला. एकाचा मुलगा अमेरिकेत. तिकडे टिवो नावाचा असाच बॉक्स १९९९ साली निघाला, सुरुवातीला १४ आणि ३० तासांचा. आत लिनक्स. तिकडच्या हौशी मंडळींनी तो खोलला, डिस्क संगणकाला जोडली, जुनं सगळं मोठ्या डिस्कवर उतरवून घेतलं. कुणी तर एकाच बॉक्समध्ये दोन डिस्का बसवल्या. आपल्याकडे हे का नाही? तर आपल्याकडे रेकॉर्डिंग डिस्कवर जातं तेच कुलूप लावून, आणि किल्ली बॉक्स आणि स्मार्ट कार्डाकडे. डिस्क संगणकाला लावाल तर तो विचारतो, ही फॉरमॅट करू का? थोडक्यात, नवी डिस्क घ्यायची तर जुन्यातलं काहीही बरोबर नेता येणार नाही. भोपळ्यापासून सुरुवात.

हे घरी सांगितलं आणि पुढचा काही काळ आमच्या घरी कुणी झोपलं नाही. ४५ तासांचा माल संपवायचा होता! जाहिराती पळवून आई अर्ध्या तासाची मालिका वीस मिनिटांत उरकू लागली, तरी मागे बरंच साचलेलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायला माणूस उरेना. आजीने कीर्तनं मात्र पळवू दिली नाहीत. बुवांना धावायला लावणं बरं नव्हे, म्हणाली. चिरंजीवांनी छोटा भीम परीक्षेच्या आदल्या रात्री बघितला आणि विचारलं तर “नंतर मिळणार नाही” असं उत्तर दिलं. बाबांनी काहीच बघितलं नाही. “ग्वाल्हेरचं काय?” एवढंच ते विचारत राहिले. यूट्यूबवर मिळेल म्हटलं, तर म्हणाले, “त्यात मधली षटकं पण असतात.”

लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने पहिला प्रश्न केला, “कॉम्प्युटरला की रेकॉर्डरला?” फरक असतो. कॉम्प्युटरच्या डिस्कला एखादा कोपरा वाचता आला नाही तर ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते. हिशेबाच्या फाइलीत एक आकडा चुकून चालत नाही. रेकॉर्डरसाठी तेव्हा वेगळ्या डिस्का निघत, सीगेटची पाइपलाइन, वेस्टर्न डिजिटलची एव्ही-जीपी. त्यांना चोवीस तास लिहायची सवय असे, आवाज कमी, आणि एखादा ठिपका वाचता आला नाही तर त्या तो सोडून पुढे जात, कारण सिनेमा अडकला तर माणूस चिडतो, ठिपका दिसला तर चिडत नाही. आमच्या घरात आईचा स्वभाव एव्ही-जीपीचा आणि बाबांचा कॉम्प्युटरचा, हे मला तिथे काउंटरवर उभ्या उभ्या उमगलं.

बसवायला कल्याणचा एक मुलगा आला, एरवी सीसीटीव्ही बसवणारा. वॉरंटी केव्हाच संपलेली, तरी ‘हे फाटल्यास वॉरंटी रद्द’ हा कागद फाडताना सगळे एक पाऊल मागे सरकले. चांदणीच्या आकाराचे स्क्रू, झाकण, आत बोटभर जाड धूळ, एक मेलेलं झुरळ, आणि रबराच्या चार बुचांवर बसवलेली जुनी डिस्क. नवी वस्तू म्हणून आजी हळदकुंकू घेऊन आली. मुलगा ओरडला, “आजी, भोकावर नको!” अशा डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं आणि शेजारी ते झाकू नका असं छापलेलं असतं. आजीने चष्मा लावून भोक शोधलं आणि कुंकू बरोबर दोन बोटं बाजूला लावलं.

बसवण्याआधी त्याने डिस्क लॅपटॉपला लावून बघितली. आकडा आला ४६५. बाबा सरसावले. “पस्तीस कुठे गेले?” कंपनी हजाराच्या पटीत मोजते, कॉम्प्युटर १०२४ च्या, असं मुलाने समजावलं. बाबांनी १९८७ साली मानपाडा रोडला फ्लॅट बुक केलेला आहे. ते लगेच म्हणाले, “म्हणजे पाचशे सुपर बिल्ट-अप, चारशे पासष्ट कार्पेट.” आणि खूश झाले. बिल्डरने याहून जास्त खाल्ले होते.

पाचशेत साधारण एकशेचाळीस तास मावतात. साडूंना फोन गेला. पुढे काय झालं ते सांगायला नकोच. एका दिवाळीच्या आत डिस्क भरली, फक्त आता भांडण मोठ्या रकमेचं होऊ लागलं. ग्वाल्हेरसाठी बाबांनी उशाशी स्क्रूड्रायव्हर ठेवला होता, कारण त्याच बॉक्समध्ये जुनी डिस्क लावली तर दिसेल असं तो मुलगा बोलून गेला होता. पण आई बॉक्सला हात लावू देईना, आणि ती तयार होईपर्यंत कंपनीने जुने बॉक्स बदलून दिले. बॉक्स गेला, किल्लीही त्याच्याबरोबर गेली. आता पाहुणे आले की बाबा पूर्ण पन्नास षटकं तोंडी सांगतात. पूर्वी मधली षटकं दहा मिनिटांत उरकत. आता धोनी जेवणाची वेळ होईपर्यंत स्ट्राइक सोडत नाही.

जुनी १६० जीबीची डिस्क अजून आमच्याकडे आहे. फिरते. आत सचिनचं द्विशतक आहे, दोन तुकड्यांत, कुलूपबंद. वाचकांपैकी कुणाला ते कुलूप उघडता येत असेल तर त्यांनी डोंबिवली पूर्वेला जरूर यावं, शक्यतो मेगाब्लॉक नसलेल्या रविवारी. चहा-पोहे आमच्याकडे, आणि जेवून निघायचं असेल तर तसं बाबांना आधीच सांगावं.