धूर ठेकेदाराचा आहे

आमच्या महापालिकेकडे हवा शुद्ध करणारी गाडी आहे. ट्रकवर तोफ बसवलेली. ती आकाशाच्या दिशेने पाण्याचे तुषार उडवते आणि तुषारांबरोबर धूळ खाली बसते. ट्रक डिझेलवर चालतो. तोफेचा पंखा आणि पंप फिरवायला ट्रकवरच जनरेटर ठेवलाय, तो डिझेलवर चालतो. टाकी रिकामी झाली की मागून टँकर येतो, तोही डिझेलवर. टँकर वेळेत आला की नाही याची नोंद घ्यायला कनिष्ठ अभियंता जीपमधून येतात. असा हा चार इंजिनांचा लवाजमा एका चौकातली धूळ बसवतो, तिथे आपला धूर ठेवतो आणि पुढच्या चौकाची हवा शुद्ध करायला निघतो.

कुठली महापालिका, ते सांगत नाही. एकीचं नाव घेतलं तर बाकीच्यांना डावलल्यासारखं होईल, आणि पुरस्कारांच्या बाबतीत या संस्था फार हळव्या असतात.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईची हवा बिघडली तेव्हा रस्ते धुण्यासाठी हजार टँकर भाड्याने घ्या, असे आदेश खुद्द मुख्यमंत्र्यांनी दिले होते. रस्ता धुतला की धूळ कमी उडते, हे मान्य. पण डिझेलच्या काजळीचा कण बहुतेक वेळा एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतो. तो पाण्याच्या थेंबाला सहज चुकवतो आणि माणसाच्या फुप्फुसाचा तळ मात्र चुकवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला पहिल्या गटात बसवलं. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस त्याच गटात आहेत. तंबाखूच्या पुडीवर सडलेल्या तोंडाचं चित्र छापावं लागतं. कचऱ्याच्या गाडीवर ‘स्वच्छ शहर, सुंदर शहर’ छापतात.

हे सगळं डोक्यात घेऊन वाहन विभागात गेलो. साहेब भले होते. चहा मागवला.

“आपल्याकडे डिझेलच्या गाड्या किती आहेत?”

“आपल्याकडे म्हणजे?”

“पालिकेकडे.”

“मालकीच्या, भाड्याच्या की ठेक्यावरच्या?”

“धूर सोडणाऱ्या.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “तसं वर्गीकरण नाही आमच्याकडे. मालकीच्या गाड्या मात्र दरवर्षी कमी होताहेत, हे तुम्ही लिहा.”

“मग कचरा कोण उचलतं?”

“ठेकेदार.”

“त्याच्या गाड्या कशावर चालतात?”

“ते त्याला विचारायचं. आपण टनामागे दर ठरवतो. गाडी त्याची, ड्रायव्हर त्याचा, डिझेल त्याचं.”

“आणि धूर?”

“धूरही ठेकेदाराचाच आहे.”

प्रदूषण कमी करण्याचा इतका स्वस्त उपाय जगात दुसरा नसेल. इंजिनाला हात लावायचा नाही, फिल्टर बसवायचा नाही, गाडीच्या कागदावरचं नाव तेवढं बदलायचं. काल ज्या गल्लीत पालिकेचा धूर होता तिथे आज खासगी धूर आहे आणि नागरिकांनी तो खासगीत घ्यायचा आहे.

ठेका आहे म्हणून काही करता येत नाही, हेही खरं नव्हे. पुण्यात पीएमपीच्या मार्गांवर २०१९ पासून इलेक्ट्रिक बस धावताहेत आणि त्या ठेक्यावरच्याच आहेत: बस कंपनीची, पैसे किलोमीटरमागे. मुंबईत बेस्टनेही तोच रस्ता धरला. निविदेत अट घातली की ठेकेदार विजेवरची बससुद्धा आणून उभी करतो. अट नसली की मिळेल ती आणतो. कचऱ्याच्या निविदेत ती अट का नाही, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, “अट घातली तर कुणी निविदा भरणार नाही.” घालून पाहिलीत का, असं विचारणार होतो, पण चहा आला.

आता मालकीच्या गाड्यांचं. केंद्र सरकारने २०२३ च्या जानेवारीत नियम काढला की सरकारी गाडीला पंधरा वर्षं झाली की तिच्या नोंदणीचं नूतनीकरण नाही. १ एप्रिल २०२३ पासून तो लागू झाला. त्यात केंद्र, राज्य, महापालिका, परिवहन उपक्रम असे सगळे आले. लष्कराच्या आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास गाड्या तेवढ्या सुटल्या. जुनी गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रातच मोडायची. नियम चांगला आहे आणि आमच्या पालिकेने तो तत्परतेने पाळला, म्हणजे गाड्या डेपोच्या मागच्या अंगाला नेऊन लावल्या. अधिकारी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो आणि पुढच्या महिन्यात सल्लागार म्हणून त्याच खुर्चीशेजारी बसतो. गाडीला ती सोय नाही. तिला निर्लेखनाचा प्रस्ताव लागतो, किमान किंमत ठरवावी लागते, लिलाव लागतो, आणि लिलावाला प्रतिसाद आला नाही की फेरलिलाव.

तोवर त्या गाड्या उभ्या आहेत. मी पाहून आलो. आमच्या ताफ्यातली खरी शून्य उत्सर्जनाची वाहनं ती. एका डंपरच्या टपावर पिंपळ उगवलाय, म्हणजे तो डंपर आता वरून प्राणवायूही देतो. त्याला भंगारात काढायचं तर आधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागेल, असं डेपोतल्या मुकादमाचं मत पडलं.

नव्या खरेदीत आम्ही मागे आहोत असं मात्र म्हणू नका. १ जानेवारी २०२२ पासून सरकारसाठी आणि स्थानिक संस्थांसाठी नवी गाडी घ्यायची किंवा भाड्याने लावायची ती विजेवरचीच, असा राज्य सरकारचा निर्णय झाला. आमच्याकडे विजेवरची पहिली गाडी आली ती मोठ्या साहेबांसाठी, दुसरी त्यांच्या खालच्या साहेबांसाठी. यातली प्रत्येक गाडी सकाळी बंगल्यावरून कचेरीत येते, दिवसभर झाडाखाली उभी असते आणि संध्याकाळी परत जाते. इतक्या कमी अंतरासाठी बॅटरीचीही गरज नव्हती, धक्का मारून भागलं असतं.

कॉम्पॅक्टरचं उलट. तो पन्नास पावलं जातो, थांबतो, पुन्हा निघतो. कचरा दाबायचं त्याचं हायड्रॉलिक यंत्र त्याच इंजिनावर चालतं, म्हणून उभा असतानाही त्याला गुरगुरावं लागतं, तेही लोकांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, दूध तापत असताना. ठरलेल्या रस्त्याने जाणारा, ठरलेल्या वेळी परतणारा आणि रात्री ठरलेल्या डेपोत मुक्काम करणारा. चार्जिंगसाठी याहून सरळमार्गी वाहन शोधून सापडणार नाही. मोठा इलेक्ट्रिक ट्रक महाग पडतो हे खरंच आहे. पण छोट्या घंटागाड्या विजेवर सहज चालतात आणि काही गावांतून चालूही आहेत. आमच्याकडे क्रम ठरवताना कुठली गाडी किती धूर सोडते हे बघितलं नाही, गाडीत कोण बसतं ते बघितलं. कचऱ्याचा नंबर शेवटी लागणार हे ओघानेच आलं.

मध्यंतरी आठ-दहा नवे डिझेल ट्रक बीएस-६ चे आले. १ एप्रिल २०२० पासून देशभर नव्या गाड्यांना हे मानक सक्तीचं आहे. डिझेलमधला गंधक पन्नास भागांवरून दहावर आला (दशलक्षात, बरं का), मागे काजळी अडवणारा फिल्टर आला आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मोडायला युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी आली. ड्रायव्हर मंडळी त्याला सरळ ‘युरिया’ म्हणतात. वाहन विभागाने युरियाच्या कॅनची मागणी लेखा विभागाकडे पाठवली. तिथून शेरा आला: ‘खताची मागणी उद्यान विभागामार्फत सादर करावी.’ उद्यान विभागाने कळवलं की आम्ही सेंद्रिय खत वापरतो. फाइल फिरली आणि टाक्या कोरड्या पडल्या. या गाड्यांना अशी अक्कल दिलेली आहे की युरिया संपला की इंजिन आपली ताकद कमी करून घेतं. चढावर भरलेला ट्रक मागे येऊ लागला, तेव्हा कुठे ते खत नसल्याचं मान्य झालं.

फिल्टरची तऱ्हा निराळी. त्यात साठलेली काजळी जळून जायला गाडीने बराच वेळ सलग, इंजिन चांगलं तापवत धावावं लागतं. कचऱ्याची गाडी सलग धावते ती फक्त स्वच्छ सर्वेक्षणाचं पथक येणार असतं तेव्हा. मग फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. एका ड्रायव्हरने त्या दिव्यावर गणपतीचं स्टिकर लावलंय. तेव्हापासून दिवा दिसलेला नाही.

पीयूसी मात्र सगळ्यांची आहे, अगदी पिंपळवाल्या डंपरचीही परवापर्यंत होती. डिझेल गाडीची पीयूसी म्हणजे गाडी जागेवर उभी करून ॲक्सिलरेटर दाबायचा आणि धूर किती दाट आहे ते यंत्राने बघायचं. नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात मोजलेच जात नाहीत. दिसत नाही ते नाही, हे तत्त्व पालिकेच्या इतर खात्यांनाही ओळखीचं असल्यामुळे त्याबद्दल कुणी तक्रार केलेली नाही.

कायद्याने महापालिका आयुक्तांना दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरणाच्या सद्यस्थितीचा अहवाल सभेपुढे ठेवावा लागतो. आमचा अहवाल जाडजूड असतो. त्यात नागरिकांच्या दुचाकी मोजलेल्या असतात, फटाके असतात, बेकऱ्या असतात, स्मशानातली लाकडं असतात. पालिकेचं स्वतःचं डिझेल त्यात नसतं. ते अंदाजपत्रकात असतं, ‘वाहन इंधन’ या शीर्षकाखाली, तेही रुपयांत. ते लिटरमध्ये करून गुणाकार करणं अवघड नाही. एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हवेतला ऑक्सिजन मिसळल्यामुळे मालाच्या तिपटीहून जास्त वजन बाहेर पडतं. एवढी उत्पादकता पालिकेच्या दुसऱ्या कुठल्याही खात्यात नाही आणि ती अहवालात यायला हवी होती.

हा विषय नवा नाही, म्हणून तर निवांतपणा आहे. धुराने त्रासलेल्या मुंबईकरांच्या एका मंचाने १९९९ मध्ये उच्च न्यायालयात याचिका केली, तिच्या नावातच प्रतिवादी म्हणून महानगरपालिका आहे. त्यातून गाड्यांच्या धुरावर उपाय सुचवायला लाल समिती आली, जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. पुढे २०२५ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने पुन्हा हवेवरून कान उपटले आणि राज्य सरकारने मुंबई महानगरात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या बंद करता येतील का हे बघायला सात जणांची समिती नेमली. दिल्लीचं प्रकरण तर प्रसिद्धच. १९९८ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ३१ मार्च २००१ पर्यंत सगळ्या बस सीएनजीवर न्या. मुदत उलटली, मुदतवाढी झाल्या, कारणं झाली. शेवटी २००२ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने डिझेल बसमागे रोज ५०० रुपये दंड लावला, महिन्याने तो १,००० होणार होता. त्याच वर्ष संपेपर्यंत दिल्लीच्या बस सीएनजीवर होत्या. तंत्रज्ञान आधीही होतं. ५०० रुपये नंतर आले.

आमच्या पदाधिकाऱ्यांना हे ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, दिल्ली लांब आहे, आम्ही इंदूरचा अभ्यास करू. इंदूर म्हणजे होळकरांचं, आपलंच. तिथे २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या प्रकल्पात रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून सुमारे १७ टन गॅस काढायची सोय आहे, आणि त्या गॅसवर शहराच्या बस चालतात. म्हणजे कचरा स्वतःच गाडीचं इंधन होतो. अभ्यास दौरा तीन दिवसांचा झाला. अहवालात प्रकल्पावर एक परिच्छेद आहे आणि सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसावर दीड पान. ‘तेथील स्वच्छता रात्री अकरानंतरही वाखाणण्याजोगी होती,’ असा अभिप्राय नोंदवून विषय दप्तरी दाखल झाला. मधली काही वर्षं आमच्याकडे नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. डिझेलला फरक जाणवला नाही.

तरीही काहीच झालं नाही असं कसं म्हणू? एका तरुण उपायुक्तांनी मनावर घेतलं. नवीन गाडी नको, निविदा नको, पैसा नको. उभ्या गाडीचं इंजिन बंद ठेवा, एवढंच परिपत्रक त्यांनी काढलं. मुख्य इमारतीखाली साहेब लोकांच्या गाड्या एसी चालू ठेवून तास तास घरघरत असतात, त्यात उगाचच डिझेल जातं, हा त्यांचा हिशेब बरोबर होता. परिपत्रकावर हरकत आली की बैठक संपवून साहेब खाली येतात तेव्हा गाडी गार असणं प्रशासकीयदृष्ट्या आवश्यक आहे. तेव्हा अंमलबजावणी प्रायोगिक तत्त्वावर, फक्त थंडीत, असं ठरलं.

डिसेंबर उजाडला. पहिल्याच दिवशी मोठ्या साहेबांनी, विजेवरची गाडी दुरुस्तीला गेलेली असल्यामुळे, जुन्या गाडीत बसून एसी बंद करायला सांगितला आणि काच खाली केली. सिग्नलला गाडी थांबली. पुढे आमचाच कॉम्पॅक्टर होता. साहेबांनी नाकाला रुमाल लावला, काच वर घेतली आणि कचेरीत पोचताच परिपत्रक मागे घेतलं. कारणाच्या रकान्यात लिहिलंय: ‘बाहेरील हवा योग्य नाही.’