प्रलयाआधी सातबारा

जग बुडणार, हे पिंपळे सौदागरमध्ये आता नक्की झालं आहे. तारीख तेवढी ठरायची आहे. तिथे राहणारे आमचे एक आयटीवाले स्नेही अमेरिकन लोकांचे तळघर-धान्यसाठ्याचे व्हिडिओ रात्र-रात्र बघतात, आणि त्यातून त्यांनी एक एक्सेल तक्ता तयार केला आहे. संकटकाळी पळून जाऊन कोणाच्याही मदतीशिवाय जगायचं तर कुठे? पाणी, जमीन, अंतर, शेजार, प्रत्येकाला दहापैकी गुण. शिरूर आणि दौंड हे तालुके अंतिम फेरीत आले असून सध्या शिरूरमधल्या सणसवाडीची तोंडी परीक्षा चालू आहे. सणसवाडीला अर्थातच कोणी विचारलेलं नाही.

अंतराला त्यांनी नऊ गुण दिले. पुण्यापासून तीसेक किलोमीटर, नगर रस्त्याला लागलं की सरळ! असं म्हणणारा माणूस शनिवारी संध्याकाळी वाघोलीत अडकलेला नसतो. प्रलयाच्या दिवशी सगळं पुणे याच रस्त्याला लागणार, हे तक्त्यात नाही. प्रलयालाही वाघोलीतूनच यावं लागेल, एवढाच काय तो दिलासा.

पाण्याला आठ. भीमा जवळ, खाली दौंडच्या अंगाला तर नदीच नदी. इथे थोडा भूगोल आवश्यक आहे. पिंपळे सौदागर पवनेच्या काठी. पवना दापोडीपाशी मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला, आणि मुळा-मुठा रांजणगाव सांडसपाशी भीमेला. म्हणजे स्नेह्यांनी सकाळी फ्लश ओढला की त्यांचा प्रतिनिधी त्यांच्याआधी दौंड तालुक्यात हजर. गेली कित्येक वर्षं तिथले शेतकरी ही जलपर्णीसकटची भेट स्वीकारत आहेत. शहर बुडालं तर स्वच्छ नदीकाठी जाऊन राहू, असं शहरानेच म्हणावं यासारखा विनोद मला तरी सुचला नसता.

जमिनीचं प्रकरण मात्र खरंच गंभीर आहे. कूळ कायद्याचं कलम ६३ सांगतं की शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. अमेरिकन व्हिडिओत बंदूक कुठली घ्यावी ते सांगतात, फेरफार कसा नोंदवावा ते कोणी सांगत नाही. आकाशातून आग बरसत असताना हा गृहस्थ आजोबांच्या नावाचा सातबारा शोधत तलाठ्याच्या दारात बसलेला मला दिसतो. आणि त्या दिवशी सर्व्हर डाउन असणार.

समजा जमीन मिळाली. पिकाला पाणी द्यायचं तर मोटर चालवावी लागते, आणि शेतीची थ्री फेज अनेकदा रात्रीच येते. त्याच वेळी बिबट्या उसातून बाहेर पडतो. २०२५ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्याच पिंपरखेडला बिबट्याने माणसं मारली, तेव्हा बायामाणसं गळ्यात खिळे लावलेले पट्टे बांधून शेतात जात होती. तक्त्यात 'वन्यजीवन' हा रकाना आहे. त्याला दहापैकी दहा आहेत, मुलांना निसर्ग कळेल म्हणून.

मुळात ज्या स्वयंपूर्ण गावाच्या शोधात स्नेही निघालेत, ते पहिल्यांदा साहेबाच्या कागदावर वसलं. १८३० साली चार्ल्स मेटकाफने लिहून ठेवलं की हिंदुस्थानातली खेडी म्हणजे आपल्यापुरती छोटी गणराज्यं, सगळं काही जिथल्या तिथे. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी गणराज्यात प्रत्यक्ष जाऊन घराघराचा हिशेब मांडला. १९१७ साली त्यांचा पहिला अभ्यास छापून आला. गाव कुठलं? पिंपळे सौदागर! १७७१ मध्ये तिथे सरासरी चाळीस एकरांची खातेदारी होती, ती सातावर आली होती, आणि नुसत्या जमिनीवर ज्यांचं भागतं अशी घरं बोटांवर मोजण्याइतकी निघाली. बाकीचे बाहेर मजुरीला जात किंवा कर्जात बुडालेले असत. मग मॅन यांनी ना. वि. कानिटकरांना घेऊन शहरापासून दूरचं, जिरायती गाव निवडलं: याच शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक. त्याचा निकाल १९२१ मध्ये लागला, आणि तो पहिल्याहून वाईट होता. थोडक्यात, आमचे स्नेही पहिल्या नापास गावातून दुसऱ्या नापास गावाच्या शेजारी निघाले आहेत, तेही शंभर वर्षांनी गुणपत्रिका न बघता.

सणसवाडीला मॅनसाहेबांचा धडा पाठ असावा. तिने स्वयंपूर्ण होण्याचा नाद सोडला आणि कारखाने घेतले. आज तिथलं सगळ्यात खात्रीचं पीक म्हणजे भाड्याच्या खोल्या. त्याला पाऊस लागत नाही, खत लागत नाही, बिबट्या त्यात शिरत नाही. मराठवाड्यातला, बिहारमधला पोरगा पाळीला जातो, त्याच्या भाड्यावर घरमालकाची पोरगी इंजिनिअर होते, आणि ती नोकरीला बहुधा हिंजवडीला जाते. राहायला पिंपळे सौदागर बरं पडतं म्हणतात.

उलट हिशेबाचा एक माणूस याच तालुक्यात येऊन गेला. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून १९८३ मध्ये पाबळला आले, तेव्हा पाबळ दुष्काळी होतं. पाण्याला दहापैकी दोन मिळाले असते. त्यांनी तिथे विज्ञान आश्रम काढला आणि शाळा सोडलेल्या पोरांना वेल्डिंग, वायरिंग, शेती शिकवली. तळघर खणल्याचं ऐकिवात नाही.

आता राहिला शेजार. त्याला सात गुण, 'भोळी माणसं' असा शेरा. मार्च २०२० स्नेही विसरले आहेत. पुण्या-मुंबईचे लोक गावाकडे निघाले तेव्हा किती गावांनी वेशीवर बाभळीचे फास टाकले होते, आणि सख्ख्या पुतण्यालाही चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत झोपवलं होतं. त्यात क्रूरपणा होता, पण तयारीही होती, आणि तिला एक्सेल लागलं नव्हतं. ज्याला आत घेतलं त्याला डबा मात्र वेळेवर पोचत होता.

तेव्हा प्रलयाच्या दिवशी वाघोली पार करून, डिकीत सहा महिन्यांचे इन्स्टंट नूडल्स घेऊन स्नेही वेशीवर पोचले, तर गुण द्यायची पाळी समोरच्याची असेल. एखादा पंच तंबाखू मळत काचेतून वाकून विचारील: पाव्हणं, दारं धरता येतं का? धार काढता येते का? जळालेली मोटर भरता येते का? बरं, मयताला खांदा द्यायला तरी येत जाल का?

स्नेह्यांनी तक्त्यात आता नवीन रकाना घातला आहे: 'स्थानिक मनुष्यबळ, मोबदला देऊन'. पैसे ऑनलाइन देणार आहेत.