भाऊकाकांचं २०२९

भाऊकाकांच्या शर्टाच्या खिशात हात घालू नये. पेन हवं होतं म्हणून मी एकदा घातला, तर हाताला लागलं ते असं: एक रबरी वॉशर, कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड आणि कुठल्याशा मुंजीतली बडीशेपेची पुडी. पेन नव्हतं. "पेनं माळ्यावर आहेत," काका म्हणाले, "शंभराच्या वर असतील. रिफिली मिळाल्या की सगळी चालू होतील."

काकांचं सगळं बोलणं असं भविष्यकाळात चालतं. छत्र्यांना काड्या मिळतील, बंबाला झाकण मिळेल, किल्ल्यांना कुलपं मिळतील. लोकांना वाटतं, जुनं काही न टाकणारा माणूस आठवणींत रमणारा असणार. काकांना आठवणींचं वावडं आहे. स्वतःच्या लग्नाच्या अल्बमला वाळवी लागली तेव्हा त्यांनी तो शांतपणे रद्दीत घातला. त्याची रेशमी दोरी तेवढी सोडवून घेतली.

काकू याचं खापर पानशेतवर फोडते. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि नारायण पेठेतलं आजोबांचं बिऱ्हाड मुठेत गेलं. काका तेव्हा तेरा वर्षांचे. अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेलं पोर पुढे काही टाकेल कसं, असं काकूचं म्हणणं. पटण्यासारखं आहे, पण त्याच घरातून त्याच दिवशी माझे वडीलही अंगावरच्या कपड्यांनिशीच बाहेर पडले होते, आणि ते तेव्हापासून विजेच्या बिलाची पावतीसुद्धा ठेवत नाहीत. कधी लागलीच तर म्हणतात, "भाऊकडे असेल." असते.

कोथरूडची काकांची सोसायटी १९८४ सालची. तीन मजले, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. कोथरूडमध्ये सध्या कुठल्याही गल्लीत शिरा, एखादी तरी इमारत पत्र्याआड गेलेली दिसते. गेल्या वर्षी काकांच्या इमारतीची पाळी आली. दोन महिन्यांत घरं रिकामी करायची, बिल्डर भाडं देणार, सामान हलवायचे पैसे देणार आणि २०२८ च्या अखेरीला ताबा देणार. सभेत लोक कार्पेट एरिया, कॉर्पस आणि पार्किंग यांवरून भांडत होते. काकांनी हात वर करून विचारलं, "नव्या फ्लॅटला माळे किती?"

आर्किटेक्ट हसून म्हणाला, "काका, माळे आता कुणी करत नाही. फॉल्स सीलिंग येतं."

काका खाली बसले. चहाबरोबरचं बिस्किट खायचं सोडून त्यांनी खिशात टाकलं. एवढा धक्का.

मग सिअ‍ॅटलहून ताई आली, तीन आठवड्यांची रजा काढून. येताना मारी कोंडो डोक्यात घालून आली होती. ही जपानी बाई नेटफ्लिक्सवर २०१९ साली लोकांची घरं आवरून देताना दिसली आणि जगभरच्या लेकींनी आपापल्या आईबापांकडे नव्या नजरेनं पाहायला सुरुवात केली. तिचा नियम असा, की खोल्यांप्रमाणे आवरायचं नाही, प्रकाराप्रमाणे आवरायचं. आधी कपडे, मग पुस्तकं, मग कागद, मग सटरफटर, आणि जीव अडकलेल्या वस्तू सगळ्यात शेवटी.

"म्हणजे सगळ्या खोल्या एकदम उपसायच्या?" काकू म्हणाली. "आणि निजायचं कुठे, त्या बाईंकडे?"

जपान तिथेच संपलं. ठरलं, की हॉलपासून सुरुवात करायची आणि एकेक खोली संपवत जायचं. मी घोडा धरायला. ताईनं मारी कोंडोंचा एकच नियम शिल्लक ठेवला होता, तो तिने टीव्हीखालच्या खणातल्या पहिल्या वस्तूवर लावला.

"बाबा, हे हातात घ्या. आनंद होतो का?"

"आनंद कशाला होईल? तीन सुती नट आहे तो."

"मग टाकायचा. पण टाकण्याआधी त्याचे आभार मानायचे."

काकांनी नटाकडे पाहून "आभारी आहे" म्हटलं आणि तो खिशात टाकला.

हॉलमध्ये पुढचे दोन तास डायऱ्यांवर गेले. काका विद्युत मंडळात नोकरीला होते. २००५ साली मंडळाचे चार तुकडे झाले, काकांनी चारही कंपन्यांच्या डायऱ्या जमवल्या, सगळ्या कोऱ्या. "लिहायला होतील," म्हणाले. वय वर्षं सत्त्याहत्तर. त्या डायऱ्यांमागून एक गुंडाळी निघाली, धोतरासारखी जाड, सुतळीनं बांधलेली. ताईनं ती थेट रद्दीच्या पोत्याकडे नेली आणि काकांनी पोत्याचं तोंड धरलं.

कालनिर्णय. १९७३ साली ते निघालं तेव्हापासूनचं प्रत्येक वर्षाचं, एकही खाडा नाही.

खाडे होते ते आत. काकूनं पन्नास वर्षं दुधाचा हिशोब कालनिर्णयावरच लिहिला आहे. गुंडाळी सुटली आणि मी घोड्यावरच बसून वाचायला लागलो. २५ जून १९८३, शनिवार. कपिलदेवनं लॉर्ड्सवर कप उचलला तो दिवस. चौकटीत काकूचं अक्षर: "दूध १ ली. जास्त. मॅच. शेजारचे सगळे." ३१ ऑक्टोबर १९८४, बुधवार, इंदिरा गांधी गेल्या. चौकटीत नुसतं "खाडा", आणि पुढच्या दिवशीही "खाडा". देशाचा इतिहास इतक्या कमी शब्दांत आणि इतक्या चोख हिशोबानं लिहिलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. ताईचेही डोळे जरा ओले झाले. "बाबा, हे राहू दे. आठवण म्हणून."

"आठवण कसली?" काका म्हणाले. "१९७३ सालचं कालनिर्णय २०२९ ला पुन्हा चालतं."

आम्ही गप्प. काकांनी डायरीचं कोरं पान फाडायला घेतलं, जिवावर आलं म्हणून बडीशेपेच्या पुडीवर हिशोब मांडला. १९७३ ची एक जानेवारी सोमवारी, २०२९ ची एक जानेवारीही सोमवारी, दोन्ही वर्षं साधी, लीप नाहीत. तारीख न् तारीख, वार न् वार जुळतो. मी मोबाईलवर पडताळून पाहिलं. जुळतो.

"वार जुळेल हो," काकू आतून म्हणाली, "तिथीचं काय? संकष्टी काय सोमवार बघून येते?"

काकांना हाच प्रश्न हवा होता. "तिथी एकोणीस वर्षांनी जुळतात. एकोणीस वर्षांत दोनशे पस्तीस चांद्रमास बसतात, जवळजवळ बरोब्बर. तेव्हा २०२९ ला भिंतीवर दोन कालनिर्णयं लावायची. वारासाठी १९७३ चं, तिथीसाठी २०१० चं. नवीन घ्यायलाच नको."

"जवळजवळ म्हणजे?"

"एखाद्या दिवसाचा फरक पडतो कधी."

"एकादशी एक दिवस चुकली तर?"

"दोन दिवस धर. नाहीतरी स्मार्त आणि भागवत असतातच की."

यावर ना ताईला काही बोलता आलं, ना जपानला. कालनिर्णय नवं घेतलं तर किती पैसे पडतात, हे मी विचारणार होतो. पण काकांच्या चेहऱ्यावर असा समाधानाचा भाव होता, की मी गुंडाळी पुन्हा सुतळीनं बांधून दिली. सुतळी उरली. काकांनी ती खिशात टाकली.

बेडरूम लवकर आटपली, कारण बोहारीण आली. काकूनं अकरा साड्या आणि काकांच्या सहा टेरिकॉटच्या पँटी पुढे केल्या. तळाशी कमरेपेक्षा रुंद असलेल्या त्या पँटी बोहारणीनं उलटसुलट करून पाहिल्या आणि विचारलं, "मावशी, ह्यात माणूस होता का?" पाऊण तास घासाघीस झाली. शेवटी कपड्यांचं एक गाठोडं घराबाहेर गेलं आणि एक मोठं पातेलं, झाकणासकट, घरात आलं. ताईनं ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

स्वयंपाकघराच्या दारात काकू आडवी उभी राहिली. "इथलं माझं मी बघते." इथपर्यंत काकू आमच्या बाजूची होती, असा आमचा समज होता. ओट्याखालून श्रीखंडाचे प्लॅस्टिकचे डबे निघायला लागले. एकेचाळीस डबे, झाकणं एकोणतीस. कशात मोहरी, कशात रबरबँड, कशात गणपतीच्या वाती, श्रीखंड सोडून सगळं. "त्याला हात लावायचा नाही. डबे लागतात." काका दारात उभे राहून हे ऐकत होते. त्यांच्याकडे मी पाहिलं, त्यांनी छताकडे पाहिलं.

तूरडाळीचा डबा ताईनं रिकामा केला तेव्हा तळातून पाचशेच्या पाच नोटा पडल्या. जुन्या. ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्री ज्या बाद झाल्या त्या. काकू लाल झाली. नवऱ्याच्या नकळत बाजूला ठेवलेले पैसे, ठेवून विसरली. काका मात्र काही बोलले नाहीत. आत गेले आणि मंडळाच्या एका डायरीतून पाचशेच्याच दोन घेऊन आले. तेही विसरले होते की काय, कुणी विचारलं नाही.

"सात झाल्या," ते म्हणाले. "कायद्यानं दहापर्यंत बाळगता येतात. अजून तीनला वाव आहे."

माळ्यावर मात्र चार दिवस गेले, आणि काका खरे कळले ते तिथेच. खोक्यांवर, डब्यांवर काकांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. मी वरून वाचायचो, ताई खाली लिहून घ्यायची. "मर्फी रेडिओ. आवाज येतो, स्टेशन येत नाही." "टेबल फॅन. वारा देतो. शॉकही देतो." "किल्ल्या. कुलपं सापडेपर्यंत." "मिक्सर. बंद. का बंद, ते कळलेलं नाही." एका टिनच्या डब्यावर नुसतं "हे काय आहे?" असं होतं आणि आत जे होतं ते काय आहे हे आम्हा तिघांनाही सांगता आलं नाही. ते ठेवलं. काय आहे हे न कळता टाकायचं म्हणजे फारच धाडस.

ह्या सगळ्यात निराशेची एक चिठ्ठी नव्हती. "भंगार" असं एकाही डब्यावर लिहिलेलं नव्हतं. घरातला प्रत्येक मोडका जिन्नस काकांच्या हिशोबात थोडा आजारी होता, एवढंच.

बंब विकायचा, एवढं एक ताईनं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. तांब्याचा, आजोबांनी पानशेतनंतर घेतलेला, बावीस वर्षं बिनझाकणाचा. मी आणि काका रविवारी रिक्षात घालून तो जुन्या बाजारात घेऊन गेलो. गिऱ्हाईक पाच मिनिटांत मिळालं, भावही बरा मिळत होता. मी पैसे मोजून घेत असताना काका पलीकडच्या पथारीवर वाकले आणि तिथूनच ओरडले, "थांब! देऊ नकोस! झाकण मिळालं!"

मिळालं होतं. तांब्याचंच, कडी असलेलं. आम्ही बंब आणि झाकण घेऊन घरी आलो. झाकण बोटभर मोठं निघालं. आता काका त्या झाकणाला बसेल असा बंब शोधताहेत.

निघायच्या आदल्या रात्री ताईचं एक खोकं निघालं. शाळेच्या वह्या, भूगोलाचे नकाशे, एनसीसीची टोपी. ती त्यापाशी बराच वेळ बसली. मग म्हणाली, "बाबा, हे एवढं तुमच्याकडेच राहू दे. पुढच्या खेपेला नेते." काकांनी लगेच चिठ्ठी लावली: "ताई. पुढच्या खेपेला." त्याच माळ्यावर तसंच आणखी एक खोकं आधीपासून होतं. त्यावरही हीच चिठ्ठी होती, फक्त शाई उडाली होती.

एका ट्रकचे पैसे बिल्डरनं दिले होते. दोन ट्रक आणि एक टेम्पो लागला. भाड्याच्या फ्लॅटमधली एक बेडरूम आता छतापर्यंत खोक्यांची आहे. तिथे राहायला गेल्यावर तिसऱ्या दिवशी नळ गळायला लागला. वॉशर आहे, याची काकांना खात्री होती. कुठल्या खोक्यात, एवढाच प्रश्न. दोन दिवस खोकी उपसली. शेवटी मी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणला, वीस रुपयांना दोन. काकांनी चार मिनिटांत नळ दुरुस्त केला. उरलेला वॉशर कुठे गेला, ते तुम्हाला माहीत आहे.

गेल्या महिन्यात बिल्डरनं सगळ्यांना टाइल्स पसंत करायला बोलावलं होतं. लोक तासभर पांढऱ्यातल्या पांढऱ्या छटा बघत होते. काका सरळ इंजिनिअरकडे गेले आणि त्यांनी विचारलं, हॉलच्या भिंतीत खिळा जाईल का. तो म्हणाला, भिंती काँक्रीटच्या असणार, हातानं खिळा जायचा नाही, ड्रिल लागेल. पण आम्ही मारून देऊ, एक ना?

"दोन," काका म्हणाले. "शेजारी शेजारी."

इंजिनिअरनं रजिस्टरमध्ये तसं लिहून घेतलं. काकांनी त्या पानाची झेरॉक्स मागून घेतली.