प्रकल्पाचा पुढचा टप्पा : नगरसेवक

नांदेड-वाघाळा महापालिकेची मुदत 2022 मध्ये संपली. पुढची तीन वर्षं प्रशासकांनी शहर सांभाळलं आणि इच्छुकांनी वाढदिवसाचे बॅनर. सर्वोच्च न्यायालयानं 6 मे 2025 ला बजावलं, चार महिन्यांत निवडणुका घ्या. मतदान 15 जानेवारी 2026 ला झालं. सरकारी चार महिने एवढेच असतात.

या सुगीत आमच्या प्रभागातून 'सर' उभे राहिले. सर शिकवत कुठंच नाहीत, एमएसडब्ल्यू आहेत. पत्रकावर छापलं होतं, 'तळागाळातील तीस वर्षांचा अनुभव'. मूळ गाव औसा तालुक्यात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, घरं पडली आणि पाठोपाठ संस्था उभ्या राहिल्या. त्यांच्या जीपगाड्यांना वाट दाखवायला गावातलं बारावी झालेलं पोरगं लागायचं. सर म्हणजे ते पोरगं. वाट दाखवायला जीपमध्ये चढले, ते आजतागायत उतरलेले नाहीत.

जागतिक बँकेच्या मदतीनं तेव्हा घरदुरुस्तीचा कार्यक्रम आला आणि गावोगावच्या बायांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं. कुणाच्या भिंतीत सिमेंट गेलं आणि कुणाचं वाटेतच उतरलं, हे अशा बायांना तोंडपाठ असतं. माझ्या मते उमेदवारीची खरी पात्रता ती. सरांनी त्यांच्यावर गुळगुळीत कागदाचा अहवाल काढला.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्याच आठवड्यात सरांची जलसाक्षरता कार्यशाळा होती. हॉल एसी, प्रत्येकाच्या पुढ्यात लिटरची बाटली. असो.

तर प्रचार. सरांना कॉर्नर सभा मंजूर नव्हती. आधी 'गरज मूल्यांकन'. समाजमंदिरात रांगोळीनं प्रभागाचा नकाशा काढला. नळ निळा, नाली काळी, आणि जिथं दोन्ही एकत्र वाहतात तिथं रंग संपला. बाया गोल बसल्या. सरांनी विचारलं, "आपल्या प्रभागाचा प्राधान्यक्रम काय असावा, असं तुम्हाला वाटतं?"

कुणी बोलेना. मग मागून एक मावशी म्हणाल्या, "सर, सही कुठं करायची? गॅसवर डाळ ठिवलीय."

बैठक म्हणजे हजेरीपट, चहा आणि दोन बिस्किटं, हे सरांनीच शिकवलेलं. क्षमताबांधणी यशस्वी झाली होती.

त्यात अपक्ष म्हणून चिन्ह मिळालं शिलाई मशीन. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ही रांग!

"सर, मशीन कवा वाटायलाव?"

"मशीन नाही ओ अक्का, चिन्ह आहे ते."

"मागल्या टायमाला बी असंच म्हणलाव. मंजुरी यायचीय म्हणून."

रेशनकार्डाच्या झेरॉक्स सोडून जाणाऱ्यांना सरही नाही म्हणू शकले नाहीत. कागद घेऊन फाइलला लावायचा हात तीस वर्षांचा. खर्चाचा हिशेब मात्र त्यांनी रोजच्या रोज असा दिला, की अख्ख्या प्रभागात खरा हिशेब देणारा हा एकच वेडा, असं निवडणूक कार्यालयातला शिपाईसुद्धा म्हणायचा.

मतदानाला चार दिवस राहिले आणि रात्री माजी नगरसेवक अण्णा सरांच्या घरी आले. अण्णांनी प्रभागाचा नकाशा कधी काढला नाही. कोणाच्या घरी लग्न निघालंय, कोण दवाखान्यात पडलंय, कोणाच्या पोराला पोलिसांनी बसवून ठेवलंय, एवढंच त्यांना माहीत असतं. चहा बशीत ओतत ते म्हणाले, "सर, तुमच्यासारखा अभ्यासू माणूस सभागृहात पाहिजे. आता नाही तर स्वीकृतमध्ये बघू."

"म्हणजे मी पाठिंबा जाहीर करू?"

"पाठिंब्याचं काय एवढं! बचत गटाच्या बायांच्या याद्या हायत म्हणं तुमच्याकडं, मोबाईल नंबरासगट?"

सरांनी कपाटाकडं पाहिलं, आतल्या खोलीतून बाईसाहेब बघतायत का तेही पाहिलं, आणि मग एकदम कामाच्या आवाजात विचारलं,

"प्रभागनिहाय देऊ, की गटनिहाय?"